मु. पो. मिलान

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय जरा आडवळणाचा आहे. सोळाव्या शतकातला एक कॅथलिक बिशप, त्याच्या चेकलिस्ट आणि त्याची रजिस्टरं. "आता चर्चवर लिहिणार तू?" असं बायकोने विचारून झालंय. हो, लिहिणार. मी काही ख्रिस्ती नाही आणि इतिहासाचा अभ्यासकही नाही. पण हा माणूस गेली काही वर्षं डोक्यातून जात नाहीये, आणि त्याचं कारण शेवटी माझ्या नोकरीशी येऊन भिडतं. तेव्हा चहा घेऊन बसा, लेख लांब आहे :)

२०१८ च्या ऑक्टोबरात मी मिलानला ऑनसाईट होतो. एका रविवारी फ्लॅटमेट म्हणाला, "अरे, घरात बसून काय करतोस? चल, अरोनाला जाऊ." हा मुलगा वसईचा, कॅथलिक, घरी अस्सल मराठी बोलणारा. अरोना हे माजोरे नावाच्या तलावाकाठचं गाव, मिलानहून रेल्वेने तासाभरावर. गावाबाहेर टेकडीवर तांब्याच्या पत्र्याचा एक अवाढव्य पुतळा आहे. नुसता पुतळा तेवीस मीटरच्या वर, चौथरा धरून पस्तीस मीटरच्या आसपास. १६९८ मध्ये पूर्ण झाला. स्टॅच्यू ऑफ लिबर्टी घडवणाऱ्या बार्थोल्डीने तो अभ्यासला होता म्हणतात. पुतळा आतून पोकळ आहे. अरुंद जिन्याने आणि मग चक्क उभ्या शिडीने आपण त्याच्या डोक्यात चढतो आणि डोळ्यांच्या भोकांतून बाहेरचा तलाव बघतो. धापा टाकत मी विचारलं, "हा आहे तरी कोण?"

"सेंट चार्ल्स बोरोमेओ. फादर व्हायला शिकणाऱ्या पोरांचा पेट्रन सेंट. माझ्या मामाच्या सेमिनरीत याचा फोटो होता."

परतीच्या गाडीत त्याने मला शब्द शिकवले. वसईकडे पॅरिशला धर्मग्राम म्हणतात, डायोसीजला धर्मप्रांत. आणि 'पास्टर' हा लॅटिन शब्द, अर्थ सरळ मेंढपाळ. म्हणजे चर्चवाले 'पास्टोरल प्लॅनिंग' म्हणतात तेव्हा त्याचा शब्दशः अर्थ होतो मेंढपाळीचं नियोजन. मला हसू आलं. मेंढ्या राखायला कसलं आलंय प्लॅनिंग? मग वाचत गेलो, आणि हसू थांबलं.

आधी त्या काळचा घोळ समजून घेऊ. आपल्याकडचं वतन आठवा. वतनदाराला गावचं उत्पन्न मिळायचं, त्याबदल्यात काम करायचं. पण वतनदार शहरात राहू लागला की गावात मुतालिक नेमायचा. उत्पन्न याला, काम त्याला. युरोपातल्या चर्चमध्ये पंधराव्या-सोळाव्या शतकात अगदी हेच झालं होतं. बिशपपद म्हणजे जमिनी, भाडी, दशमांश, थोडक्यात मोठी मिळकत. राजघराण्यातल्या धाकट्या मुलांना ती वाटली जायची. एकाच माणसाकडे तीन-तीन, चार-चार धर्मप्रांत असायचे. राहायचा तो रोमला किंवा एखाद्या दरबारात, आणि प्रांतात कमी पगाराचा बदली माणूस.

मिलानचं उदाहरण तर कळस होतं. १५१९ मध्ये तिथला आर्चबिशप झाला इप्पोलितो देस्ते. वय वर्षं दहा! आधीचा आर्चबिशप त्याचा काका, त्याचंही नाव इप्पोलितो. एस्ते घराण्याच्या या काका-पुतण्यांनी मिलानचं उत्पन्न घेतलं, राहिले मात्र दुसरीकडेच. सगळं मिळून सुमारे ऐंशी वर्षं मिलानमध्ये कायम राहणारा आर्चबिशपच नव्हता. वर कोणी नाही म्हटल्यावर खाली काय होणार? गावोगावचे पुरोहित अर्धशिक्षित, काहींना पापक्षमेचे लॅटिन शब्दही धड येत नव्हते. बरेच जण बाईसोबत उघड संसार थाटून होते. कोणाचं कोणाकडे लक्ष नव्हतं.

जर्मनीत १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने वादळ उठवलं, त्याला हे सगळं आयतं कोलीत होतं. कॅथलिक चर्चने उत्तरादाखल त्रेंत गावी धर्मपरिषद भरवली. ती १५४५ ते १५६३ अशी रखडत, मध्ये वर्षानुवर्षं बंद पडत चालली. आपण शाळेत 'प्रतिधर्मसुधारणा' या शब्दात तिला एका ओळीत उरकलेलं असतं. पण त्या परिषदेत कशावरून सगळ्यात जास्त हमरीतुमरी झाली माहितीय? ब्रह्म काय, मोक्ष काय, यावरून नाही. बिशपने आपल्या प्रांतात राहायचं की नाही, यावरून!

प्रश्न असा होता: आपल्या लोकांत राहणं हे बिशपवर देवाने घातलेलं बंधन आहे, की फक्त चर्चचा नियम? देवाचं बंधन म्हटलं तर पोपही सूट देऊ शकणार नाही. मग रोमच्या दरबारातले निम्मे बिशप चंबूगबाळं उचलून घरी. नुसता नियम म्हटलं तर सूट मिळणार, म्हणजे पुन्हा येरे माझ्या मागल्या. या भांडणात सप्टेंबर १५६२ ते जुलै १५६३, असे दहा महिने परिषदेचं एकही औपचारिक अधिवेशन होऊ शकलं नाही. शेवटी १५ जुलै १५६३ ला तडजोड झाली. 'देवाचं बंधन' हे शब्द राहण्याला जोडले नाहीत, पण एक वाक्य घातलं. ज्यांच्याकडे माणसांची जबाबदारी आहे त्यांनी आपल्या मेंढ्यांना *ओळखलं* पाहिजे, ही देवाची आज्ञा आहे, अशा अर्थाचं. ओळखायचं तर राहावं लागेल. ते न बोलता आलंच.

सोबत नियम आला. वर्षातून दोन, फार तर तीन महिने बाहेर राहता येईल, त्यापेक्षा जास्त राहिलात तर तेवढ्या दिवसांचं उत्पन्न कापणार. म्हणजे चक्क लॉस ऑफ पे! शिवाय प्रत्येक धर्मप्रांतात पुरोहित घडवायला सेमिनरी काढायची, बिशपने गावोगाव तपासणीला जायचं, दरवर्षी पुरोहितांची सभा घ्यायची, लग्नं आणि बाप्तिस्मे वहीत नोंदवायचे. कागदावर सुंदर. पण रिक्वायरमेंट डॉक्युमेंट सुंदर असणं आणि सिस्टिम चालणं यातलं अंतर आपल्याला चांगलंच माहीत आहे.

आता आपला पुतळेवाला. कार्लो बोरोमेओ, जन्म १५३८, अरोनाच्या किल्ल्यात, सरदार घराण्यात. गंमत म्हणजे हा स्वतः जुन्या व्यवस्थेचाच लाभार्थी. बाराव्या वर्षी अरोनाच्या एका मठाचं उत्पन्न त्याच्या नावावर झालं. १५५९ च्या नाताळात त्याचा मामा पोप झाला, पायस चौथा. महिन्याभरात भाचा कार्डिनल, वय एकवीस. लगोलग मिलानचं प्रशासनही त्याच्याकडे. आणि हा राहायचा कुठे? रोमला, मामाचा सचिव म्हणून. त्रेंतच्या परिषदेशी चाललेला पोपचा पत्रव्यवहार हाच सांभाळायचा. म्हणजे 'बिशपने आपल्या प्रांतात राहावं का' या वादाची पत्रं लिहीत होता तो माणूस, जो स्वतः आपल्या प्रांतात एक दिवसही राहिलेला नव्हता!

१५६२ च्या नोव्हेंबरात त्याचा थोरला भाऊ अचानक वारला. घरच्यांना वाटलं, आता कार्लो चर्च सोडेल, लग्न करेल, घराणं पुढे नेईल. तोवर त्याने पुरोहितपदाची दीक्षा घेतलेली नव्हती, त्यामुळे सोडणं शक्यही होतं. त्याने उलट केलं. १५६३ च्या जुलैत दीक्षा घेतली आणि डिसेंबरात बिशप झाला. मध्यंतरी त्याच्या मनाने वेगळंच घेतलं होतं. हे सगळं सोडून मठात जावं, एकांतात राहावं. तेव्हा पोर्तुगालमधल्या ब्रागाचा आर्चबिशप बार्तोलोमेऊ रोमला आला होता. त्याने याला समजावलं की मठ राहू दे, तुझं काम तुझ्या लोकांत आहे. मामा मात्र सोडेना. अखेर २३ सप्टेंबर १५६५ ला कार्लो मिलानमध्ये शिरला, मामा वारल्यावर १५६६ मध्ये कायमचा राहायला आला. वय सत्तावीस. माझा तेव्हाचा टीम लीडचा हुद्दा आणि त्याचा हुद्दा यांची तुलना करण्यात अर्थ नाही, पण वय तेच होतं म्हणून सांगितलं :)

पुढची अठरा वर्षं त्याने जे केलं ते बघून माझ्यातला इंजिनिअर खूश झाला. धर्मप्रांतात सुमारे आठशे धर्मग्राम, थेट आल्प्सच्या स्विस खोऱ्यांपर्यंत पसरलेले. त्याने त्यांची विभागवार मांडणी पक्की केली, प्रत्येक विभागावर एक प्रमुख पुरोहित. विभागातल्या पुरोहितांनी महिन्यातून एकदा जमायचं, अडलेल्या प्रकरणांवर चर्चा करायची. प्रमुखाने वर कळवायचं. सेमिनरी त्याने १५६४ मध्येच, स्वतः पोचायच्या आधी, आपला प्रतिनिधी पाठवून सुरू करवली होती. मुलांना रविवारी वाचायला आणि धर्म शिकवणाऱ्या शाळा शेकड्यांनी वाढवल्या.

आणि तपासणी. हा माणूस खेचरावर बसून, जिथे खेचर जाईना तिथे पायी, गावोगाव जायचा. आधी प्रश्नावली पोचलेली असायची. चर्चचं छप्पर गळतं का? वेदीवरचं कापड धुतलेलं आहे का? पुरोहिताकडे कोणती पुस्तकं आहेत? त्याच्या घरात कोण कोण राहतं? गावात कोणाचं कोणाशी वैर आहे? उत्तरं लिहून घ्यायची, हुकूम सोडायचे, पुढच्या फेरीत ते पाळले का ते बघायचं. फॉलोअप! चर्चच्या इमारती कशा असाव्यात यावर त्याने १५७७ मध्ये पुस्तकच काढलं. पापनिवेदनाची ती लाकडी खोपटी सिनेमात बघितलीय ना, मध्ये जाळी असते ती? ती रूढ करण्यात याचा मोठा वाटा. पुरोहित आणि पापनिवेदन करणारी बाई यांच्यात आडोसा हवा, तक्रारीला जागा नको, हा साधा हेतू. डिझाइननेच गैरवर्तन रोखायचं.

सगळ्यात मला आवडली ती एक वही. लॅटिन नाव 'स्तातुस अनिमारुम', म्हणजे आत्म्यांची स्थिती. धर्मग्रामातल्या प्रत्येक घराची यादी: घरात कोण, वय काय, नातं काय, ईस्टरला पापनिवेदन केलं का, मिस्साला येऊन प्रसाद घेतला का. पुरोहिताने दारोदार फिरून ती भरायची. १६१४ मध्ये रोमने पुरोहितांच्या विधिग्रंथात या वहीचा नमुना घातला आणि ती जगभर गेली. आज युरोपातले इतिहासकार त्या काळची लोकसंख्या, कुटुंबं, बालमृत्यू यांचा अभ्यास करतात तो बराचसा अशा वह्यांवरून.

त्याने सहा प्रांतीय परिषदा घेतल्या, अकरा सभा घेतल्या, आणि सगळे ठराव, नमुने, सूचना यांचा संग्रह १५८२ मध्ये छापला. तो इतर बिशपांनी अक्षरशः टेम्पलेट म्हणून वापरला.

लोकांना हे आवडलं का? छे. ऐंशी वर्षं ज्यांना कोणी विचारलं नव्हतं त्यांना अचानक जाब विचारणारा आला होता. ला स्काला चर्चच्या पुरोहितमंडळाने १५६९ मध्ये त्याला दारातच अडवलं, धक्काबुक्की झाली. (जगप्रसिद्ध ऑपेरा हाऊसचं नाव याच चर्चवरून. चर्च पाडून त्याच्या जागी ते बांधलं.) त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला, तो संध्याकाळच्या प्रार्थनेला गुडघे टेकून बसलेला असताना, मागून बंदुकीचा बार झाला. गोळी झाडणारा चर्चच्याच एका संघाचा माणूस, उमिलियाती संघाचा. श्रीमंत संघ, मोजके सदस्य, आणि याने त्यांच्यात सुधारणा सुरू केलेली. गोळी कपड्यांना लागली, आत शिरली नाही. कार्लोने प्रार्थना पुरी केली. कटवाल्यांना माफ करा म्हणून त्याने रदबदली केली, पण त्यांना फाशी झाली आणि १५७१ मध्ये पोपने तो संघच बरखास्त केला. स्पॅनिश गव्हर्नरांशी तर त्याची कायम जुंपलेली. १५७३ मध्ये त्याने एका गव्हर्नरला धर्मबहिष्कृत केलं.

इथवर वाचून वाटेल की मी त्याचा फॅन झालो. थांबा. त्या वहीकडे पुन्हा बघा. घरोघरची यादी, कोण प्रसादाला आलं, कोण नाही. नाही आलं तर विचारणा, मग दंड, मग बहिष्कार. गावच्या भांडणांची, कोणाचं कोणाशी आहे याची नोंद. मेंढ्या ओळखायच्या म्हणून काढलेली वही पाळत ठेवायलाही तितकीच उपयोगी पडते. १५८३ मध्ये तो मेसोल्चिना या स्विस खोऱ्यात पोपचा तपासनीस म्हणून गेला. तीच पद्धत, तेच प्रश्न. चेटूक करतात म्हणून शंभरावर लोकांची चौकशी झाली आणि काही बायकांना जिवंत जाळण्यात आलं. यावर 'त्या काळी असंच होतं' म्हणून पुढे जाणं मला जमत नाही. यादी करणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर यादीचं काय होतं ते ठरतं, आणि यादी त्याला थांबवत नाही.

मग हा माणूस माझ्या डोक्यात राहिला कशामुळे? १५७६ मुळे.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मिलानमध्ये प्लेग शिरला. गव्हर्नर विजेव्हानोला निघून गेला, ऐपतदार सरदारही गावोगावच्या वाड्यांत गेले. कार्लो तेव्हा शहराबाहेर होता, बातमी कळताच परत आला. सप्टेंबरात त्याने मृत्युपत्र केलं आणि कामाला लागला. त्याची आठशे धर्मग्रामांची यंत्रणा, प्रमुख, वह्या, सगळं होतं. तरी प्लेगच्या रोग्यांजवळ जायला पुरोहित तयार होईनात. सिस्टिम छान होती हो, पण भीती सिस्टिमला विचारून येत नाही. त्याने कापुचिन संघाच्या साधूंना बोलावलं. शहराबाहेरच्या लाझारेत्तोमध्ये, म्हणजे २८८ खोल्यांच्या प्लेग-इस्पितळात, पाओलो बेल्लिंतानी नावाच्या कापुचिनाने कारभार हातात घेतला. आणि कार्लो स्वतः रोग्यांच्या दारात गेला, मरणाऱ्यांना शेवटचे संस्कार दिले. त्याने ते केल्यावर मग इतर पुरोहित हळूहळू पुढे आले.

ऑक्टोबरच्या शेवटी शहरात सक्तीचं घरबंद लागलं. कोणी बाहेर पडायचं नाही. मग त्याने चौकाचौकात वेदी मांडल्या, उघड्यावर मिस्सा सुरू केली, लोकांनी खिडकीतून बघायची. उपाशी, उघड्या लोकांसाठी वाड्यातले पडदे आणि गालिचे फाडून कपडे शिवले. त्याआधी अनवाणी, गळ्यात दोर बांधून त्याने मिरवणुकाही काढल्या होत्या. साथीत गर्दी जमवणं चूकच, आणि आरोग्य अधिकाऱ्यांशी त्याचे यावरून खटके उडाले ते योग्यच होते. सुमारे सतरा हजार माणसं गेली. त्या साथीला मिलानमध्ये आजही 'सान कार्लोचा प्लेग' म्हणतात. त्याच्यामुळे आला म्हणून नाही, तो तिथे होता म्हणून.

१५८४ च्या नोव्हेंबरात तो वारला. वय सेहेचाळीस.

आता माझं पापनिवेदन. अरोनाला गेलो त्या दिवसांत मी मिलानमधून पुण्यातल्या नऊ जणांची टीम चालवत होतो. दिवसाचा भत्ता युरोत, काम हिंजवडीत. माझ्याकडे अप्रतिम ट्रॅकर होता. प्रत्येकाच्या नावापुढे लाल, पिवळा, हिरवा. रोज संध्याकाळी कॉल, शुक्रवारी रिपोर्ट. टीममधला एक मुलगा सलग सात आठवडे हिरवा होता. आठव्या आठवड्यात त्याने राजीनामा दिला. फोन केला तर म्हणाला, "सर, बाबा दोन महिने आयसीयूत होते. रात्री तिकडे, दिवसा ऑफिस. आता जमत नाही." मी विचारलं, अरे मग सांगितलं का नाहीस? तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तुम्ही टास्कचं विचारायचात, तेवढं सांगायचो."

ट्रॅकर बरोबर होता. टास्क खरंच हिरवे होते. त्याच्या शेजारी कोणी बसत असतं, चहाला सोबत गेलं असतं, तर पहिल्या आठवड्यातच चेहऱ्यावरून कळलं असतं. वर्षानुवर्षं गैरहजर राहिलेल्या एस्ते घराण्याला हसणारा मी, भत्ता घेऊन आणि मुतालिक नेमून बसलो होतो. फरक इतकाच की माझा मुतालिक म्हणजे एक एक्सेल शीट. त्रेंतवाले दहा महिने कशासाठी भांडत होते ते मला त्या दिवशी नीट समजलं. राहण्याचा नियम सोयीसाठी नव्हता. ओळखणं त्याशिवाय होत नाही, एवढंच होतं. कार्लोची वही दारोदार जाऊन भरायची होती म्हणून तिला अर्थ होता. मी माझी घरी मागवून घेत होतो.

या गोष्टीचा एक धागा आपल्या मातीतही येतो. त्रेंतचे नियम गोव्यात लावायला १५६७ मध्ये पहिली प्रांतीय परिषद भरली. त्या परिषदांनी हिंदूंवर जाचक बंधनंही घातली, तो इतिहास कडू आहे. पण १६०६ च्या परिषदेने एक नियम असा केला: स्थानिक भाषा आल्याशिवाय कोणत्याही पुरोहिताला धर्मग्राम द्यायचा नाही, आणि आहे त्याने ठरल्या मुदतीत भाषेची परीक्षा दिली नाही तर पगार बंद. राहायचं तर खरंच, पण लोकांच्या बोलीत राहायचं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि साष्टीत चाळीस वर्षं राहिला. त्यातून जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं मराठी 'ख्रिस्तपुराण' आलं, १६१६ मध्ये राशोलला छापलेलं. पुढे १६८४ मध्ये व्हाईसरॉयने उलटं फर्मान काढलं: लोकांनीच तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. मेंढपाळाने मेंढ्या ओळखायच्या ऐवजी मेंढ्यांनी मेंढपाळाची सोय बघायची. फ्लॅटमेटला हे सांगितलं तर म्हणाला, "आमच्या मामाला विचार. बदली झाली की पहिलं काम गावाची बोली शिकणं. नाहीतर म्हाताऱ्या बायका फादरला काही सांगतच नाहीत."

पुढची चारशे वर्षं त्रेंतचं मॉडेल चाललं: एक गाव, एक चर्च, एक फादर. विसाव्या शतकात अँजेलो रोंकाल्ली नावाच्या तरुण पुरोहिताला मिलानच्या दप्तरात कार्लोने १५७५ मध्ये केलेल्या बेर्गामोच्या तपासणीचे एकोणचाळीस खंड सापडले. तो बेर्गामोचाच. १९३६ ते १९५७ या काळात त्याने त्यातले निवडक कागद पाच भागांत संपादित करून छापले. नंतर तो पोप झाला, तेविसावा जॉन. आपला राज्याभिषेक त्याने ४ नोव्हेंबर १९५८ ला ठेवला, म्हणजे कार्लोच्या सणाच्या दिवशी. आणि यानेच दुसरी व्हॅटिकन परिषद बोलावली (१९६२ ते १९६५), जिच्यानंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली आणि धर्मग्रामाच्या कारभारात सामान्य माणसांनाही जागा मिळाली. १९८३ च्या चर्च-कायद्यातही फादरने चर्चजवळच राहावं आणि रजा वर्षातून फार तर महिनाभर, हे कलम आहेच. तीन महिन्यांवरून एक!

अडचण आता वेगळीच आहे. राहायला फादरच पुरेसे नाहीत. मिलानच्या धर्मप्रांतात आज सुमारे अकराशे धर्मग्राम आहेत, पण युरोपात सेमिनरीत जाणारी मुलं फार कमी झालीत. २००६ पासून तिथे तीन-चार धर्मग्राम जोडून एक 'समुदाय' करायला सुरुवात झाली. केरळातले फादर जर्मनी-इटलीत जाऊन गावं सांभाळतात. म्हणजे नियोजनाचा प्रश्न पुन्हा तोच: एका माणसाने किती माणसांना ओळखायचं? यावर काही जण म्हणतात, ओळखण्याचं काम एकट्या फादरचं का असावं? धर्मग्रामातल्या बायका, शिक्षक, निवृत्त माणसं ते करतीलच की. मला हे पटतं. पण मग यादी दारोदार घेऊन कोण जाणार, हे ठरवावं लागेलच.

२०२० च्या मार्चमध्ये मी पुण्यात घरात अडकलेलो असताना बातम्यांत लोम्बार्डीच दिसत होतं. पहिला घाला तिथेच पडला होता. मिलानचे आर्चबिशप ११ मार्चला कॅथेड्रलच्या छतावर एकटेच जाऊन प्रार्थना करून आले. या वेळी चर्चने गर्दी जमवली नाही, मिस्सा बंद ठेवल्या. आणि शेजारच्या बेर्गामोत, ज्याच्या तपासणीचे ते खंड होते, त्या एका धर्मप्रांतात काही आठवड्यांत वीसहून जास्त पुरोहित गेले. बरेचसे म्हातारे होते. रोग्यांकडे, मयताला, फोनवर, जसं जमेल तसं ते आपल्या लोकांत होते.

मी त्याच रात्री त्या मुलाला फोन केला. दीड वर्षाने. बाबा कसे आहेत विचारलं. म्हणाला, "सर, ते तेव्हाच गेले."

तेव्हापासून शुक्रवारच्या रिपोर्टाआधी मी प्रत्येकाला एक फोन करतो, टास्कचा विषय न काढता. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. मॅनेजर म्हणतो, याला प्लॅनमध्ये एफर्ट कुठे दाखवायचा?

असो. आज रविवार आहे, उद्या स्टेटस मीटिंग. भेटू पुढच्या वीकेंडला.